बुडीचा घाट

साल दोन हजार चोवीस. मी बहात्तर वर्षांचा होतो आणि सुनेच्या जुन्या मोबाइलवर फोटो काढायला नुकताच शिकलो होतो. पहिला फोटो काढला तो आमच्या वैनगंगेच्या घाटाचा.

पूल व्हायच्या आधी इथून माझी माय डोंगा चालवायची. बाप गेल्यावर वल्हं तिनंच हाती घेतलं. पलीकडून चामोर्शीच्या बाजाराची माणसं हाका मारायची, "ओ बुडी, डोंगा आन!" आमच्याकडं म्हाताऱ्या बाईला, मायलाही, बुडीच म्हणतात. त्यावरून बुडीचा घाट. ती गेली, डोंगा कुजला, पूल झाला. नाव तेवढं राहिलं, तेही चार म्हाताऱ्यांच्या तोंडात.

तो फोटो मोबाइलमधल्या एका मोठ्या कंपनीच्या नकाशावर टाकला. कंपनीनं तो 'रिव्हर व्ह्यू पॉइंट' या नावाखाली लावला. माझा फोटो, माझी माय, आणि हे कुठलं बारसं? मी तक्रार केली. उत्तर आलं, 'आपल्या सूचनेबद्दल धन्यवाद.' पुन्हा केली, पुन्हा धन्यवाद. ज्याला दार नाही त्याच्या दारात जाऊन भांडायचं कसं?

सून म्हणाली, "मामाजी, लोकायचा एक नकाशा आहे. तिथी आपणच नाव लिवाचं, आपणच फोटो टाकाचा. मालक कोणी नाई."

"मालक नाई, तं राखण कोण करते?"

"तुमीच करा. तसंही दिवसभर दुसरं काय करून राह्यले?"

तिसरीपर्यंतच शिकलेलो, पण नाव मी स्वतः लिहिलं, एका बोटानं. आठ दिवसांनी पाहतो तर कोणी तरी खोडून 'बुडीत घाट' केलेलं. पुण्याचा माणूस निघाला. मी सुनेला म्हटलं, "लिव त्याले, काऊन हात लावला म्हणून!"

संध्याकाळी उत्तर आलं. 'काका, बुडी म्हणजे पाण्यात मारतात ती ना? लिहिताना चूक झाली असेल असं वाटलं.'

मी सांगितलं, सुनेनं लिहिलं, 'तुमच्याकडं बुडी पाण्यात मारत असतील. आमच्याकडं बुडीच्या पाया पडतात. ती माझी माय.'

तो वरमला. माफी मागितली, नाव परत होतं तसं केलं. मायबद्दल विचारलं, डोंगा कोणत्या लाकडाचा होता तेही विचारलं. मग लिहिलं, 'काका, हे नाव तिथं कुठं लिहिलेलं आहे का? त्याचा फोटो टाकलात तर पुन्हा कोणी बदलणार नाही.'

सून हसली. "आता बोला, मामाजी! कुठी लिवलं आहे?"

कुठंच नव्हतं. नाव हाकेतलं, ते लिहिणार कोण? पण खरं सांगतो, मला राग आला नाही. कंपनीनं नुसते धन्यवाद दिले. हा माणूस माझ्याशी भांडला, आणि भांडता भांडता माझ्या मायची चौकशी केली. कितीतरी वर्षांत कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यात चुना कालवला, पळसाच्या मुळीचा कुंचा घेतला आणि घाटावर गेलो. माय डोंगा बांधायची त्या काळ्या खडकावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'बुडीचा घाट'. 'चा' जरा मोठा झाला. राहू दिला. चुना वाळायच्या आधीच फोटो काढला.