पट्टीवरचं आडनाव

बाईंनी ग्लास उचलला होता. कोकम सरबताचा. हॉटेलात आलेल्या पाहुण्याला दारातच सरबत द्यायचं, हे माझं काम. ग्लास ओठांपर्यंत गेला आणि त्यांची नजर माझ्या कोटावरच्या नावाच्या पट्टीवर आली. त्यांनी आडनाव वाचलं. मग माझं तोंड पाहिलं. मग ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला. भरलेला.

"राहू दे. दर्शन झाल्याशिवाय मी काही घेत नाही."

पाच मिनिटांनी वैशालीनं नेलेला चहा त्यांनी घेतला. तिथंच, त्याच सोफ्यावर. वैशाली रिसेप्शनवर कायम नोकरीला होती. मी हॉटेल मॅनेजमेंटची विद्यार्थिनी, सहा महिन्यांच्या ट्रेनिंगला शिर्डीत आलेली. ट्रेनिंग पुरं झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही. दहा-दहा तास उभं राहायचं. काउंटरमागं स्टूल नव्हतं. पाहुणा ओरडला तरी हसायचं. 'न्हाई' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं. तेही शक्यतो म्हणायचं नाही. पाय सुजायचे, पण त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या आईचे पाय वर्षभर सुजलेलेच असतात.

मॅनेजर सरांनी तो ग्लास पाहिला होता. मला वाटलं, बोलतील काहीतरी. ते बोलले, पण मला.

"तुझं काम चांगलंय. माझ्या मनात काही नाही गं. पण लोक देवाला आलेले असतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवी पट्टी हातात दिली. नाव माझंच. पुढं आडनाव कुलकर्णी.

"कागदोपत्री तुझंच आहे सगळं. ही नुसती पट्टी."

मी लावली. कुणी जबरदस्ती केली नाही. टाचणी माझ्याच हातानं टोचली.

आणि खरं सांगते, लोक बदलले. सरबत प्यायले. एका आजोबांनी गाव विचारलं, मी श्रीगोंदा सांगितलं, तर म्हणाले, "अरे वा, संस्कार दिसतातच." मी हसले. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं आजही अंगावर येतं. त्या बाईंचा ग्लास मी विसरेन एक वेळ. हे नाही विसरत.

चौथ्या महिन्यात आई आली. न सांगता. आमच्या गावच्या कांदे लावणाऱ्या बायकांची टोळी टेम्पो करून दर्शनाला आली होती. तिनं हॉटेलचं नाव माझ्या तोंडून ऐकलेलं. विचारत विचारत पोचली. बरोबर टोळीतल्या दोघी. काचेच्या दाराबाहेर तिघींनी चपला काढल्या आणि हातात घेऊन आत आल्या. आईच्या दुसऱ्या हातात धडप्यात बांधलेले धपाटे.

लॉबीत पुण्याचं एक मोठं कुटुंब उभं होतं. सर त्यांच्याशी बोलत होते. मी ट्रे धरून शेजारी.

आईनं मला पाहिलं नव्हतं. ती सरळ काउंटरला गेली आणि वैशालीला माझं नाव सांगितलं. माझं, बापाचं, आणि आडनाव. खणखणीत. शाळेच्या हजेरीत घेतात तसं.

"माजी पोरगी हाय ती. हितं कामाला हाय."

वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. सरांनी पाहिलं. मग आईनं पाहिलं. तिचा चेहरा फुलला. कोटातली पोरगी तिनं पहिल्यांदाच बघितली. ती दोन पावलं पुढं आली. आई वाचायला शिकलेली आहे, प्रौढांच्या वर्गात. तिनं पट्टी वाचली. सावकाश, ओठ हलवत.

मी म्हणाले, "मावशी, दर्शनाची रांग बाहेरून डावीकडं आहे."

माझाच आवाज होता. शुद्ध. कॉलेजात शिकवलेला.

आईनं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. मग म्हणाली, "व्हय, ताई. लई बरं झालं, तुमी सांगितलं."

आणि वळली.

दाराशी टोळीतली एक म्हणाली, "आगं, तुजीच ना ती?"

"न्हाई. तिच्यावानी दिसती."

दार मिटलं. मी पुण्याच्या कुटुंबाला सरबत दिलं. सगळ्यांना. मोकळी होऊन मी बाहेर धावले तेव्हा टेम्पो निघून गेला होता. धपाटे आईनं गेटवरच्या वॉचमनकडं ठेवले होते. 'आतल्या ताईंना द्या,' एवढंच सांगून.

संध्याकाळी फोन केला. शिव्या देईल वाटलं. देऊ दे, असंही वाटलं. तिनं विचारलं, "जेवलीस का?" मग मी सगळं सांगितलं. सरबत, पट्टी, आजोबा. सगळं.

सगळं ऐकून ती म्हणाली,

"तुला शाळंत घातली तवा गुरुजीनं इचारलं हुतं. आडनाव लावायचं का गाळायचं? पोरीला पुढं तरास व्हईल, म्हनले. मी म्हनलं, लावा. आमी काय चोरी केलीया?"

एवढंच. तिनं फोन ठेवला.

सकाळी मी कुलकर्णीची पट्टी सरांच्या टेबलावर ठेवली. पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या पेनानं माझं पूर्ण नाव लिहून कोटाला लावलं होतं.

"काढ ते," सर म्हणाले.

"न्हाई काढनार."

न्हाईच म्हणाले मी. मुद्दाम.

"सर्टिफिकेट विसर मग."

"लिहून द्या, सर. आडनावापायी काढली म्हणून लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं नाही. तासाभरात मी बॅग घेऊन स्टँडवर होते. कॉलेजचं वर्ष वाया गेलं. कॉलेजातले सर म्हणाले, "दोन महिने गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" मी नगरला जाऊन जिल्ह्याच्या सरकारी कचेरीत तक्रार दिली. चौकशी लागली. मॅनेजरनं सांगितलं, मुलीनं हौसेनं आडनाव बदललं होतं. वैशाली म्हणाली, मला काही माहीत नाही. तिच्यावर माझा राग नाही. त्या दिवशी लॉबीत मीही माहीत नसल्यासारखंच केलं होतं.

आता मी दुसऱ्या गावात, दुसऱ्या हॉटेलात ट्रेनिंग करते. कुणी पाठीमागून 'ताई' म्हटलं की अजून मान चटकन वळत नाही. भीती वाटते. आईचं तोंड दिसेल. आईनं मला माफ केलंय. मी केलेलं नाही, आणि करायचंही नाही. तेवढं दुखणं मला जवळ हवं आहे.

परवा चौकशीचे साहेब म्हणाले, "साक्षीदारच नाही तुमच्याकडं. मिटवून टाका."

मी म्हणाले, "मी आहे की साक्षीला. लिहा. ज्यांनी ग्लास ठेवला त्यांचं लिहा, ज्यांनी पट्टी दिली त्यांचं लिहा, आणि जिनं ती लावून आपल्या आईला मावशी म्हटलं, तिचंही लिहा. मी मिटवणार नाही. माझं नाव मात्र पुरं लिहा, साहेब. एकही अक्षर गाळू नका."