बर्फाच्या हॉकीसाठी बघणं

मला खेळाडू म्हणून बघायला पुण्याच्या एका कॉलेजातून सर येणार आहेत, हे घरी कळलं तेव्हा माझ्या चुलत्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मंडळी किती असत्याल?" वडील शिरवळच्या कारखान्यात पाळीवर होते, त्यामुळे घराच्या वतीनं बोलण्याचा अधिकार चुलत्यांकडे आपोआप गेला होता. परगावचा माणूस वयात आलेल्या मुलीला बघायला येतो याचा एकच प्रकार त्यांच्या अनुभवात होता, आणि त्या प्रकाराची सगळी कार्यपद्धती त्यांना तोंडपाठ होती. ती त्यांनी जशीच्या तशी लागू केली.

मी तेव्हा बारावीला होते, भोरला, विज्ञान शाखेत. मला पुण्यात जाऊन भौतिकशास्त्र शिकायचं होतं. अडचण गुणांची नव्हती, मुक्कामाची होती. आमच्या गावाहून, उत्रोलीहून, रोज एसटीनं जायचं तर प्रॅक्टिकल संपवून परत यायला अंधार होणार, आणि अंधारात एसटीतून उतरणारी पोरगी आमच्या घरात चालणार नव्हती. खोली घेऊन राहण्याचा विषय तर निघण्याआधीच मिटला होता. कॉलेजच्या आवारातलं मुलींचं वसतिगृह तेवढं चाललं असतं. तिथल्या जागा भराभर संपत, पण खेळाडूंसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असत. म्हणजे माझ्या भौतिकशास्त्राचा रस्ता हॉकीतून जात होता. हे समीकरण मी आवडीनं मांडलेलं नाही.

आमच्या शाळेत रोलर हॉकी आली तीही खेळाच्या प्रेमातून नव्हे. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी अचूक हेरलं होतं की कबड्डीत तालुक्यातच मुली एकमेकींना संपवतात. रोलर हॉकीत मात्र मुलींचे संघच इतके कमी, की चाकांवर धड उभं राहता आलं तरी राज्यापर्यंत मजल जाते आणि दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यांनी कुठून तरी वापरलेले चाकांचे बूट आणि स्टिक्स आणल्या. गुळगुळीत जमीन मात्र आसपास एकच होती: आमच्या गावच्या राईस मिलसमोरचं भात वाळवायचं सिमेंटचं खळं. भात नसेल तेव्हा आम्ही तिथं खेळायचो. दहावीचे गुण पदरात पडल्यावर बाकीच्या मुलींनी बूट काढून ठेवले. मी खेळत राहिले, कारण माझ्या बाजूनं चेंडू घेऊन कोणी पुढं गेलं की ते मला दिवसभर सहन होत नसे. बचावाच्या खेळाडूला एवढं कारण पुरतं.

पुण्याच्या त्या कॉलेजाचं गणितही आमच्या शाळेसारखंच होतं. त्यांना मुलींचा आइस हॉकीचा संघ उभा करायचा होता. पुण्यात बर्फ नाही, पण देशात संघही मोजकेच. चाकांवर तयार झालेल्या मुली उचलायच्या, वर्षभर चाकांवरच घासायच्या आणि हिवाळ्यात उत्तरेला नेऊन बर्फावर उभ्या करायच्या, अशी त्यांची योजना होती. राज्य स्पर्धेत त्या सरांनी मला लांबून पाहिलं होतं. आता ते जवळून बघायला येणार होते.

आले तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. आई उपवासात होती, तरी तिनं पोहे केले, वर ओलं खोबरं घातलं, आणि मला ट्रॅक पँट बदलून मोरपंखी साडी नेसायला लावली.

"हे लग्नाचं बघणं नाही," मी म्हणाले.

"मला कळतंय," आई म्हणाली. "तुझ्या काकांस्नी कोण सांगणार? तासाभराचं काम हाय. नेस."

सर एकटेच आले होते, स्वतःच्या गाडीतून. चाळिशीचे, जाड मानेचे, आणि प्रत्येक वाक्य उपकार केल्यासारखं बोलणारे. मी ताट घेऊन बाहेर गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पायापासून वर पाहिलं.

"साडी नेसून हॉकी खेळणारी मुलगी मी आजच बघतोय," ते म्हणाले.

चुलत्यांना हे कौतुक वाटलं. "आमच्यात पद्धत हाय, सर. मोठ्या मानसांसमोर पदर घेतल्याबगर येत न्हाई ती."

पुढचा अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. आनंदानं तर नाहीच. सरांनी विचारलं, स्वभाव कसा आहे. चुलते म्हणाले, "लई गरीब. कुणाला उलटून बोलत न्हाई."

"मैदानावर?"

"कुठंबी."

"आणि कुणी धक्का दिला तर?"

"बाजूला व्हती. वादाला जात न्हाई."

सरांनी वजन विचारलं. चुलत्यांनी ते माझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही. "खानं लई कमी हाय, सर. चिमणीवानी." मी दोन भाकरी खाऊन उठले होते. सरांनी मला चालून दाखवायला सांगितलं; त्यांना गुडघे बघायचे होते. मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. चुलत्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्यांच्या दृष्टीनं कार्यक्रम अगदी सरळ रेषेत चालला होता. वधूपक्षानं लवायचं, समोरच्यानं म्हणेल त्याला होकार द्यायचा, आणि मुलीनं मान वर करायची नाही. या तीन नियमांनी त्यांनी आपल्या दोन्ही मुली उजवल्या होत्या. तेच नियम इथं मला संघातून बाहेर काढत होते, आणि ते काढत असताना चुलते मनापासून माझंच भलं करत होते. दुष्टपणा असता तर भांडता आलं असतं.

"विषय कुठला घेणार?" सरांनी विचारलं.

"फिजिक्स," मी म्हणाले.

"खेळाडूंना आर्ट्स बरं पडतं. प्रॅक्टिकल नाही, कटकट नाही."

"तुमी म्हनाल ते," चुलते म्हणाले. "आर्ट तर आर्ट. पोरीचं काय न्हाई."

सरांनी ताटली खाली ठेवली. पोहे संपवलेले होते. "खरं सांगू का, मला बचावाला मुलगी हवी आहे. समोरची वेगानं आली तरी जागा न सोडणारी. ही तर तुमच्याच म्हणण्याप्रमाणे आधीच बाजूला होते. मला राज्य स्पर्धेत वेगळी वाटली होती. असो." ते उठले.

चुलतेही हात जोडून उठले. नकाराला उत्तर द्यायचं नसतं, हाही त्याच पद्धतीचा भाग. त्या क्षणी मला स्पष्ट दिसलं की ही गाडी फाट्याला लागली की भौतिकशास्त्रही गेलं, आणि जाताना त्याच्यामागं कोणी हातसुद्धा करणार नाही.

"मिलवर चला, सर," मी म्हणाले. "दहा मिनिटं."

"पावन्यासमोर बोलायचं न्हाई," चुलते हळू आवाजात म्हणाले.

"उलटून बोलत नाही म्हणाला होतात ना?" सर चुलत्यांना म्हणाले, आणि पहिल्यांदा जरासे हसले. ते हसणं मला आवडलं नाही, पण ते यायला तयार झाले.

मी साडी सोडून ट्रॅक पँट चढवली. मिलसमोर निम्म्या खळ्यावर इंद्रायणी भात वाळत पडला होता. उरलेली सिमेंटची पट्टी एका बाजूला मिलची भिंत आणि दुसऱ्या बाजूला भात, अशी मधे सापडलेली होती. मिलच्या मालकीणबाईंना गाव काकी म्हणतं. त्या दारातच उभ्या होत्या.

"भात हाय. दान्यावर चाक गेलं तर म्या गप बसनार न्हाई," त्या म्हणाल्या. "अन्न हाय ते."

"माझं जाणार नाही, काकी."

"तुझं न्हाई म्हनत."

सरांनी गाडीतून स्वतःचे बूट काढले. त्यांची चाकं एका ओळीत होती, बर्फावरच्या बुटाच्या पात्यासारखी. माझी जुन्या पद्धतीची, चार कोपऱ्यांना चार. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहून मान हलवली. मग चेंडू स्टिकला लावून ते पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेले.

"मी येतोय. अडव. आणि बायकांच्या आइस हॉकीत अंगावर जाऊन धडक मारायची नसते, माहीत आहे ना? फाउल आहे."

मला माहीत होतं. नियम मी वाचले होते.

ते वेगानं आले. मी धडक मारणारच नव्हते. मला धडकेची गरज नव्हती. मी थोडी भिंतीकडे सरकून उलट्या पावलांनी मागं जात राहिले, म्हणजे भिंतीकडची वाट बंद आणि भाताकडची उघडी. उघडी वाट दिसली की पुढं येणारा तिकडंच वळतो. त्यात हुशारीचा प्रश्न नसतो. ते वळले. मग मी बाजू बदलून त्यांच्या खांद्याशी समांतर झाले आणि त्यांची पट्टी एकेका वितीनं अरुंद करत गेले. त्यांना स्पर्शही केला नाही.

त्या खळ्यावर वाढलेल्या कोणालाही ठाऊक असतं की भाताची कड दिसते तिथं भात संपत नाही. उलथताना दाणे उडतात आणि कडेच्या बाहेर हातभर विखुरलेले राहतात, सिमेंटच्या रंगात मिसळून. चाकाखाली आले की ते गोळ्यांच्या बेअरिंगसारखं काम करतात. चार कोपऱ्यांची चाकं तिथं डगमगतात. एका ओळीतली चाकं पायाखालून सरळ निसटून जातात. सरांची गेली. ते बसत्या अवस्थेत भातात शिरले आणि बरंच आतपर्यंत जाऊन थांबले. चेंडू माझ्याकडे राहिला.

मग काकी दारातून खाली उतरल्या.

"पावनं, उठू नका," त्या म्हणाल्या. "आदी बूट काढा, मग उठा."

पुण्याच्या त्या सरांनी भातात बसल्या बसल्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे सुद्धा काढले, आणि अनवाणी पायानं, बूट हातात धरून बाहेर आले. त्यांच्या पँटच्या खिशांत दाणे गेले होते. काकींनी तेही काढायला लावले.

"फाउल नव्हता," मी म्हणाले.

"मला कळतं," ते म्हणाले. आवाजात उपकार राहिला नव्हता; निखळ राग होता, आणि मला तो जास्त सोयीचा वाटला. "ठीक आहे. जूनमध्ये ये. हॉस्टेलची खोली माझ्याकडे लागली. आर्ट्सला नाव घाल."

"व्हय, व्हय," चुलते म्हणाले.

"फिजिक्सला," मी म्हणाले.

"सराव दुपारी असतो. प्रॅक्टिकलही दुपारी."

"सराव सकाळी ठेवा."

"तू ठरवणार?"

"तुमच्याकडे बचावाला कोणी नाही."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. बचावाला कोणी असती तर एका मुलीसाठी तुम्ही कामाच्या दिवशी भोरपर्यंत गाडी काढली नसती. आणि काकांचं सगळं ऐकून घेत पोहे संपेपर्यंत बसला नसता."

चुलत्यांनी माझा दंड धरला. माझ्या घरातल्या माणसानं मला हात लावून गप्प करण्याची ती पहिलीच वेळ. मी दंड सोडवून घेतला, हेही पहिल्यांदाच. सर दोघांकडे आलटून पालटून बघत होते. त्यांना मजा वाटत असावी. त्यांच्या पायाच्या बोटांमध्ये तूस अडकलं होतं.

"सकाळी साडेपाच," ते शेवटी म्हणाले. "उशीर चालणार नाही. पहिल्या सत्रात एक विषय जरी राहिला तर खोली सोडायची. मी कुणाकडे शब्द टाकणार नाही."

"चालेल."

ते चुलत्यांकडे वळले. "तुम्ही मला उगाच घाबरवलंत हो. गरीब स्वभाव म्हणे."

घरी परत येताना चुलते माझ्यापासून चार पावलं पुढं चालले. ओसरीवर बसून त्यांनी आईला सगळं सांगितलं. पण त्यांच्या सांगण्यात निवडीचा उल्लेखच नव्हता. पाहुण्याला भातात बसवलं, त्याच्याशी वाद घातला, आणि थोरल्यानं दिलेला शब्द पोरीनं सगळ्यांसमोर मोडला, एवढंच होतं. आपण आर्ट्सला होकार दिला होता, मग आपल्या शब्दाला काय किंमत राहिली, असं त्यांनी तीनदा विचारलं. उपवास सोडायची वेळ झाली होती, तरी चुलते उठेपर्यंत तिनं पान घेतलं नाही.

मला त्यांचा राग समजत होता. समजण्यानं माझ्या बाजूचा राग कमी झाला नाही. त्यांनी माझं जे काही देऊन टाकलं होतं ते त्यांचं नव्हतंच, हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं, आणि आजही सांगेन.

वडिलांना पाळी सुटल्यावर मोबाईलवर कळवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "फिजिक्स म्हंजे तुझं तेच ना, जे पायजे व्हतं?"

"हो."

"मग जा. तुझ्या काकाचं बघतो मी."

त्यांनी बघितलं नाही. जूनमध्ये मी निघाले तेव्हा चुलते शेतात गेलेले होते. माझी ट्रंक वडिलांनी आणि मी फाट्यापर्यंत नेली.

पुण्यात सर मला नावानं हाक मारत नसत. "ए भोर, जागा धर," एवढंच. सकाळी साडेपाचला, बाकीच्या मुली जिच्यामुळे झोपमोड झाली तिच्याकडे बघतात तशा माझ्याकडे बघत असत. सराव कोणामुळे सकाळी आला हे सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना सांगून ठेवलं होतं. दुपारी मी प्रयोगशाळेत उभी राहायचे, पिंडऱ्या भरून आलेल्या, आणि लोलकाची दोलनं मोजायचे. मला दुसरं काही नको होतं.

पहिल्या सत्राचा निकाल लागला त्या सकाळी सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भोर, राहिला का काही?"

"नाही."

"खात्री?"

"नाही राहिला."

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मी आणखी काही म्हणेन, आभार मानेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी बूट बांधत होते.

"मग खोलीत गरम कपडे किती आहेत ते बघून ठेव," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात बर्फावर जायचंय. तिथं भात नसतो."