निळ्यावरचा डाग

बोटाचं तेल लागलं तर रंग धरत नाही, असं भाऊंनी बजावलं होतं, तरी धुतलेल्या टायटॅनियमच्या टॉप्सला मी बोट लावलं आणि गप्प बसलो. वहिनींच्या कानाला दुसरा धातू सोसत नाही, म्हणून हुडको कॉलनीतले माझे हे निवृत्त शेजारी घरीच टॉप्स रंगवतात. सोड्याच्या पाण्यात बुडवून वीज सोडतात आणि व्होल्टेज वाढवतात. सोनेरी, जांभळा, मग निळा चढेपर्यंत नजर हलवत नाहीत. त्या दिवशी निळ्यावर एक डाग राहिला.

"प्लांटात मायक्रॉनची मापं धरली या हातांनी. आता धोका देऊन राहिले," ते म्हणाले.

तेव्हापासून आपल्याच हातांचं तेल लागलं असं समजून ते सारखे हात धुतात. त्यांच्या नळाचा आवाज मला घरात बसू देत नाही.

काल वहिनी ओरडल्या, "सालटं निघून राहिलं, पुरे करा ना!"

मी जाऊन नळ बंद केला.

"भाऊ, तो डाग माह्या बोटाचा होता. माफ करा मले."