आकडा लिहायला लावणारा माणूस

तुम्ही रुग्णालयात नेमकं काय करता, असं कुणी विचारलं की आक्का म्हणायच्या, "खण लावते." घरच्यांचीही समजूत अशीच होती की बाई कुठेतरी कपाटं आवरते. तशा त्या आवरायच्याच, पण पडद्यावर. भांडारात सुया, नळ्या, पट्ट्या, हातमोजे मिळून अठ्ठावीस हजार वस्तू. प्रत्येक वस्तूला एक वर्ग, वर्गाच्या पोटात पोटवर्ग, त्यांच्याही पोटात आणखी. हे सगळं लेकुरवाळं खटलं एकट्या आक्कांच्या हातात.

त्यात भांडाराची सिस्टीम एका कंपनीची आणि वॉर्डांची दुसरीची. एका घरात राहून अबोला धरलेल्या जावाच म्हणा ना. म्हणून एक छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, बाहेरून निरोप पोचवायची: भांडारात वर्गाचं नाव बदललं की वॉर्डात बदल, भांडारातला वर्ग काढला की वॉर्डातलाही काढून टाक. ती रोज सकाळी आठला आक्का स्वतः चालवायच्या.

ही स्क्रिप्ट लिहिली होती सहा वर्षांपूर्वी, तीन महिन्यांच्या करारावर आलेल्या एका गृहस्थाने. आक्कांनी त्याचं नाव ठेवलं शंकासुर. कारण एक जरी वर्ग काढायचा असला, तरी त्याची स्क्रिप्ट मध्येच थांबायची, किती वर्ग काढले जाणार ते सांगायची आणि तोच आकडा माणसाकडून लिहून घ्यायची. नुसतं 'हो' म्हटलेलं चालत नसे.

"मी काय पहिलीत आहे, उजळणी लिहायला?" आक्का कडाडल्या होत्या.

"मला शिव्या द्या, आक्का," तो म्हणाला होता, "पण आकडा लिहा."

ऐकतील त्या आक्का कसल्या. त्यांनी साहेबांकडे लेखी तक्रार ठोकली. तरी त्या पठ्ठ्याने प्रश्न काही काढला नाही, आणि मुदत संपली तसा निघून गेला. आक्का मात्र सहा वर्षं आकडा लिहीत राहिल्या, कधी दोन, कधी तीन, फार तर सात, आणि दर वेळी त्याच्या नावाने बोटं मोडत राहिल्या.

मग आला तो सोमवार. मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर म्हणाल्या, "आक्का, आमच्या नळ्यांची नावं फार गोंधळाची आहेत हो." आक्कांना एवढंच पुरे. संध्याकाळी पदर खोचून बसल्या. मुलांच्या सामानाची अख्खी फांदी, म्हणजे तो वर्ग आणि त्याच्या पोटातले सगळे, त्यांनी जशीच्या तशी नकलून घेतली, नकलेतली नावं सुधारली आणि जुनी फांदी काढून टाकली. सगळं कसं चकचकीत दिसत होतं. घरी जाताना स्वारी भलतीच खुशीत होती.

मंगळवारी आठला स्क्रिप्ट थांबली. ४१२ वर्ग काढले जातील, आकडा लिहा.

आक्कांनी सवयीने चार लिहिला, एक लिहिला. दोनवर बोट गेलं आणि तिथेच थबकलं. एवढा लांब आकडा त्या हाताने कधी लिहिलाच नव्हता. चारशे बारा? आपण तर फक्त नावं बदलली.

मग डोक्यात प्रकाश पडला. नकलेत नावं चांगली होती, पण प्रत्येक वर्गाचा क्रमांक नवा होता, आणि वॉर्डातल्या साऱ्या याद्या जुन्या क्रमांकांना बांधलेल्या. तो दोन लिहिला असता, तर मुलांच्या वॉर्डाचे सगळे खण एका दमात रिकामे झाले असते. नऊ वाजता तिथल्या चार महिन्यांच्या बाळाची शस्त्रक्रिया होती. त्याची बारीक नळी सिस्टर पडद्यावरूनच मागवणार होत्या.

आक्कांनी लिहिलेले दोन आकडे पुसले, स्क्रिप्ट बंद केली आणि आधी फोन उचलला. "सिस्टर, माझ्या हातून घोळ झालाय. निस्तरतेय. तोवर बाळाला काय काय लागेल ते कागदावर काढून ठेवा."

काढलेली फांदी भांडाराच्या सिस्टीममध्ये एक दिवस राखून ठेवलेली असते, हे नशीब. ती परत आणली, नक्कल काढून टाकली, जुन्याच वर्गांतली गोंधळाची तेवढी नावं एकेक करून बदलली. आठ चाळीसला स्क्रिप्ट पुन्हा लावली. काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तिने काही विचारलंही नाही. आठ पन्नासला सिस्टरांची मागणी भांडारात आली, अगदी हव्या त्याच मापाची, आणि आक्कांचा जीव भांड्यात पडला.

दुपारी बाळ सुखरूप असल्याचं कळलं. आक्कांनी साहेबांना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि शंकासुराचा नंबर मागून घेतला.

"आक्का?" तो पलीकडून दचकलाच. "आता काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही. तेच सांगायला फोन केला."

त्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काही बिघडलं नाही म्हणून मला आलेला हा पहिलाच फोन."

"मी तुमची तक्रार केली होती," आक्का म्हणाल्या. "चुकलं माझं."

"माहीत आहे. मुदत वाढवायची वेळ आली, तेव्हा साहेबांनी तोच कागद पुढे केला होता. प्रश्न काढा आणि राहा, म्हणाले."

हे आक्कांना ठाऊकच नव्हतं. त्या खुर्चीत मागे टेकल्या. "अहो, मग काढायचा ना. नोकरी राहिली असती तुमची."

"राहिली असती," तो म्हणाला, "पण मग रोज सकाळी आठ वाजता मला तुमची काळजी वाटली असती."

आक्कांना आभार मानायचे होते, शब्दही जुळवून ठेवले होते. पण तोंडून निघालं ते एवढंच, "यापुढे आकडा लिहीन, शिव्या न देता," आणि फोन ठेवायची घाई दोघांनीही केली नाही.