आमच्या फिटरची प्रार्थना

सगळ्या जगातले बाप प्रार्थनेत मुलांसाठी काहीबाही मागतात. आमचा साडू आधी स्वतःची चूक सांगायचा, तीही पोरांदेखत. "बापा, आज भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून मी हिच्यावर खेकसलो. माफ कर," असं म्हणून तो जरा थांबायचा. का, तर बायकोलाही माफ करायला वेळ मिळावा! सातपूरच्या कारखान्यात तो फिटर होता, म्हणून नात्यातले सगळे त्याला फिटरच म्हणत. त्याची ती प्रार्थना पहिल्यांदा ऐकली तेव्हा अंगावर पाल पडल्यासारखं झालं मला. बापानं पोरांपुढे असं उघडं पडायचं म्हणजे काय?

तसं त्याला बोललो, तर म्हणाला, "मशीन बंद पडलं की आधी आपल्या हातचं तपासायचं, साडूभाऊ. मग मशीनला नावं ठेवायची."

खोटं कशाला बोलू, त्याच्यावरून माझ्या पोटात दुखायचं. शरणपूरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक गावाला गेले की उपदेश मी करायचो. माझी प्रार्थना ऐकून म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. आणि हा गडी बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला बसला की वंशावळीतल्या नावांना ठेचकाळायचा. एकही नाव गाळायचा मात्र नाही. पोरं हसायची, तोही हसायचा, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचायचा. सिडकोतल्या त्याच्या दोन खोल्यांत सात वाजले की दोन्ही पोरं न बोलावता चटईवर येऊन बसायची. माझ्या घरी एकुलत्या एका लेकीला, शलोमीला, तीन हाका माराव्या लागायच्या.

माझी प्रार्थना कशी, तर "हे परात्पर प्रभो, शलोमीला सद्बुद्धी दे, तिच्या हातातला मोबाईल सुटू दे, तिला वडिलांचं ऐकायला शिकव." डोळे मिटून पोरांना झापायची ही आमच्यातली जुनी रीत. माझ्या वडिलांनी मला असंच झापलं होतं. पण बारावीच्या वर्षी एका संध्याकाळी ती आमेनच्या आधीच उठली. "पप्पा, तुम्ही देवाला माझ्या चहाड्या सांगता," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर ती प्रार्थनेला बसली नाही.

म्हणजे माझ्याकडे बसली नाही. दर रविवारी संध्याकाळी स्कूटी काढून सिडकोला जायला लागली, फिटरकडे. बायको म्हणायची, जाऊ द्या हो, देवाचंच नाव घेतेय ना. घेत होती, पण दुसऱ्याच्या बापाबरोबर! एकदा मी फिटरला तोंडावर सुनावलंही, की माझी पोरगी फितवू नका.

गेल्या वर्षी त्याच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. त्याच्या आदल्या रविवारी तो आणि माझी मेहुणी आमच्याकडे जेवायला आले. ताटं वाढल्यावर मी म्हटलं, आज प्रार्थना तुम्ही करा. मनात हेच, की शलोमीसमोर जरा अडखळू दे. कितीतरी महिन्यांनी तीही आमच्यात येऊन बसली होती.

तो अडखळला नाही. म्हणाला, "बापा, मला साडूभाऊंचा हेवा वाटतो. त्यांच्यासारखं बोलता यावं असं चर्चमध्ये दर खेपेला वाटतं. त्यांची पोर माझ्याकडे यायला लागली तेव्हा मी मनातून खूश झालो. तिला परत तिच्या बापाकडे पाठवायला पाहिजे होतं, नाही पाठवलं. माफ कर."

आणि तो थांबला. सगळेच थांबले, माझ्यासाठी. अहो, ते वाक्य माझं होतं! हेवा माझा, इतक्या वर्षांचा, आणि हा माणूस बोलून मोकळासुद्धा झाला. शब्द तर माझ्याकडे पोत्यानं. मी "आमेन" म्हटलं. मग वरण फिरवलं गेलं.

ऑपरेशननंतर आठव्या दिवशी तो गेला. दफनाच्या वेळी प्रार्थना मीच केली, आणि फार सुंदर झाली असं लोक म्हणाले. मला तेव्हाही त्याचाच हेवा वाटत होता, कारण शलोमी त्याच्यासाठी रडत होती.

हल्ली ती पुन्हा घरच्या प्रार्थनेला येते, न बोलावता. मी "बापा" म्हणतो आणि मंडळीसाठी मागतो, आजाऱ्यांसाठी मागतो, देशासाठी मागतो. ती डोळे मिटत नाही. माझ्या तोंडाकडे बघत थांबलेली असते.