मागच्या खोलीतल्या परीक्षा

क्लाउडच्या सर्टिफिकेटला मुदत असते. तीन वर्षं झाली की परत परीक्षा द्या, नाहीतर ते गेलं. किस्स्यांना तशी मुदत नसते, म्हणून ते साठत जातात. बंगळूरच्या कोरमंगलातल्या माझ्या घरात वरच्या मजल्यावर आयटीतली मराठी पोरं भाड्याने राहतात आणि ऑनलाइन परीक्षा द्यायला खाली माझ्या मागच्या खोलीत येतात. एक टेबल, एक खुर्ची, दाराला कडी. एवढ्या रिकाम्या खोलीत काय काय घडावं!

सध्या वर दोघं आहेत. पुण्याचा चिन्मय आणि नागपूरची मृणाल. मृणालचं सर्टिफिकेट महिनाअखेर संपणार होतं आणि रिन्यूअलच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. मॅनेजरने स्पष्ट सांगितलेलं, "सर्टिफिकेट गेलं तर प्रोजेक्टवर ठेवता येणार नाही." प्रोजेक्ट गेला की नोकरीही जाणार, हे तिला कुणी वेगळं सांगायला नको होतं. पोरगी धड जेवेना. तिच्याकडे येते, पण आधी माझं ऐका.

*

माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी पेपर वाचून शिकले, कॉम्प्युटर मुलाने टाकून दिलेल्या मशीनवर शिकले. क्लाउड म्हणजे काय, ते चिन्मयने सांगितलं.

"आजी, दुसऱ्याचं मशीन आपण भाड्याने वापरायचं. लागेल तेवढं घ्यायचं, नको झालं की सोडून द्यायचं. मालक कधी समोर येत नाही."

"म्हणजे तुझ्या स्वप्नातली घरमालकीण!"

तो हसला आणि वर म्हणाला, "समजायला सोपं आहे हो, पण परीक्षा तुम्हाला नाही जमायची."

संध्याकाळी मी नाव नोंदवून मोकळी!

*

या परीक्षेत कॅमेऱ्यातून एक माणूस तुमच्यावर नजर ठेवतो. खोलीत दुसरं कुणी नको आणि बोलण्याचा आवाज नको. आवाज आला की परीक्षा बंद!

आता मी वाचायला एकटीने शिकले, तेही मोठ्याने. मनातल्या मनात वाचायचं मला कोणी शिकवलंच नव्हतं. पहिला प्रश्न वाचते तोच स्क्रीनवर मेसेज आला, "कृपया प्रश्न मोठ्याने वाचू नका."

मी विचारलं, "मग वाचू कशी?"

हेही मोठ्यानेच! परीक्षा बंद.

*

दुसऱ्या वेळी जीभ दातांत धरून बसले. यावेळी मेसेज वेगळा. "तुमच्या मागे एक व्यक्ती दिसते आहे."

मागे भिंतीवर आमच्या ह्यांचा फोटो, हार घातलेला. मी फोटो काढला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. बोलायची बंदी, म्हणून चॅटमध्ये लिहिलं, "हे माझे यजमान. जिवंत होते तेव्हाही यांनी मला कधी एक उत्तर सांगितलं नाही."

 पलीकडून उत्तर आलं, "ओके मॅडम. यू मे कंटिन्यू."

पास झाले! चिन्मयला सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "आजी, 'नाही जमायची' असं मी कधी म्हणालोच नव्हतो."

*

चिन्मयने गेल्या वर्षी रिन्यूअल केलं. उत्साहाने पुण्याला आईला फोन लावला. स्पीकर चालू.

"आई, पास झालो!"

"कशात?"

"तीच क्लाउडची."

"ती तर मागेच झाला होतास ना? आपण पेढे वाटले होते!"

"अगं, तीन वर्षांनी परत द्यावी लागते."

 आई हळूच म्हणाली, "खरं सांग, चिनू. मागच्या वेळी काय झालं होतं?"

*

मृणाल अभ्यासाला लागली की घरादाराला लावते. सराव संपला की वापरात नसलेली क्लाउडवरची मशीन बंद करायची, नाहीतर भाडं चढतं, हा तिचा पक्का नियम. मग ती सवय घरात शिरली. पंखा बंद, दिवा बंद, माझा टीव्हीसुद्धा बंद, मी जरा डोळे मिटले म्हणून! एकदा तिने वरचा गीझर बंद केला, तेव्हा आत चिन्मय अंगभर साबण लावून उभा होता.

तो आतून ओरडला, "मृणाल! गीझर!"

ही बाहेरून म्हणते, "काहून ओरडून राहिलास? अर्ध्या तासापासून वापर दिसला नाही नं!"

*

आता तिची शेवटची परीक्षा. आदल्या दिवशी चिकपेटहून जाड पडदा आणला, मागच्या खिडकीला लावला. चिन्मयला ऑफिसला पिटाळलं. बेलचा स्विच बंद केला. मृणाल आत गेली, कडी लागली आणि मी मागच्या अंगणात, खिडकीखाली, पहाऱ्याला बसले.

थोड्या वेळाने कुंपणावर शेजारच्या मंजुनाथअण्णाचं डोकं उगवलं. माझ्या शेवग्याची एक फांदी त्याच्या गाडीवर जाते. फुलं काचेवर पडतात म्हणून ती तोडू द्या, असं तो कित्येक वर्षं म्हणतोय आणि मी कित्येक वर्षं त्याला हाकलून देते आहे. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात!

मी ओठांवर बोट ठेवलं, खिडकीकडे दाखवलं. त्याला परीक्षेचं माहीत होतं. त्याने एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा फांदीकडे आणि कोयता घेऊन आला.

मी दोन्ही हात हलवले. नाही!

तो कुंपणावर वाकून कुजबुजला, "अक्का, तुमचं 'नाही' मी ओरडल्याशिवाय कधी ऐकलेलंच नाही. स्वल्पच तोडतो. सरी? चालेल ना?"

मी चप्पल उगारली. त्याने नमस्कार केला आणि कोयता उचलला.

फांदी माझ्या डोळ्यांदेखत गेली, फुलाशेंगांसकट. मी जीभ दातांत धरून उभी. डोळ्यांत पाणी आलं, पण तोंडातून हूं की चूं नाही.

मग कडी वाजली. मृणाल धावत आली, गळ्यात पडली. "आजी, पास! पास झाले!" रडत होती, हसत होती. कुंपणापलीकडून अण्णाने टाळ्या वाजवल्या आणि शेंगांची जुडी माझ्या हातात दिली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मृणालने डोळे पुसत विचारलं,

"पण आजी, घर किती शांत होतं! तुम्ही कुठं बाहेर गेल्या होत्या काय?"