विजूच्या जीपचे पाटे

रॉकेलने धुतलेल्या बोल्टांचा वास आला, की जबलपूरचं आमचं अंगण आठवतं. शेजारच्या विजूला जुनी जीप उंच करायची होती. त्याने पुढे ट्रकचे आणि मागे टेम्पोचे स्प्रिंगपाटे आणले. एकही भोक जुळेना. माझे बाबा निवृत्त फिटर. तीन दिवस ते त्या जीपखाली होते. अंगणातच उभ्या माझ्या जीपला पाट्यांचा नवा, तयार संच दुपारभरात बसला होता.

"बाबा, माझी गाडी काहून नाही पाहत?"

"तुझं तं सगळं जुळून राहिलं. मी काय करू तिथं?" ते खालूनच म्हणाले. "विजू बेटा, कानस दे."

आज ते उत्तर रास्त वाटतं. तेव्हा मात्र मी माझ्या जीपचा एक चांगला बोल्ट काढून खिशात घातला आणि बाबांना पुन्हा हाक मारली.